वेस्टकोट एकटा शिवू नका

शिवणकामाबद्दलच्या तुमच्या पत्रांना या पानावर मी उत्तरं देते. या वेळी बरीच पत्रं एकाच कपड्याबद्दल आली आहेत: संध्याकाळच्या औपचारिक पोशाखातला वेस्टकोट. कुणाचा मुलगा परदेशात शिकतोय, कुणाला गोव्याचं आमंत्रण आलंय, कुणाच्या घरी लग्न आहे. अडचण मात्र बहुतेकांची एकच आहे, म्हणून पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते.

प्रश्न : ताई, माझा भाचा ऑक्सफर्डला शिकतो. जूनमध्ये त्याच्या कॉलेजचा मोठा बॉल आहे आणि आमंत्रणावर 'व्हाइट टाय', म्हणजे टेलकोट आणि पांढऱ्या बो-टायचा पोशाख, असं छापलंय. टेलकोट आणि पँट तो तिथेच भाड्याने घेणार आहे. पांढरा वेस्टकोट मात्र त्याच्या अंगाला बसेल असा तयार मिळत नाही. पोरगं सहा फुटांच्या वर आणि अंगाने काटकुळं. डिसेंबरात सुट्टीला घरी येतोय. आपल्याकडे हे काम होईल का? टेलरला नेमकं काय सांगायचं?
— एक मामा, निपाणी

उत्तर : होईल, दादा. बेळगावात कोट शिवणारे हात पहिल्यापासून आहेत. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे अधिकाऱ्यांच्या मेसचे कपडे शिवण्यात इथल्या कितीतरी कारागिरांची उमेदीची वर्षं गेली. माझे वडील त्यांतलेच. कापणी मी त्यांच्याच टेबलाशी शिकले. निपाणीत कोटाचा कसलेला कटर सापडला तर तुम्हाला बेळगावापर्यंत यायचीही गरज नाही. पण काम टाकण्याआधी एक गोष्ट पक्की करा. रोजच्या सुटातला सहा बटणांचा वेस्टकोट आणि हा पांढरा वेस्टकोट यांची बेतणी वेगळी. रोजचा छातीवर वरपर्यंत बंद होतो आणि पँटवर चांगला उतरतो. हा आखूड असतो. गळा खोल, बटणं तीन नाहीतर चार, गळ्याला छोटीशी कॉलर, आणि खालची टोकं कोटाच्या काठाआड राहिलेली.

ही टोकंच सगळ्यात महत्त्वाची. टेलकोट पुढून कधी लावत नाहीत. त्याचा पुढचा भाग कमरेशी संपतो आणि मागे शेपटे उतरतात. त्या पुढच्या काठाखालून वेस्टकोटची पांढरी पट्टी बाहेर आली की एवढा महागाचा पोशाख वाया गेला. मोठमोठ्या समारंभांचे फोटो छापून येतात ना, त्यात भल्याभल्यांची ती पट्टी चार बोटं खाली लोंबत असते. बघून जीव खालीवर होतो.

आणि यात दोष बहुतेक वेळा वेस्टकोटचा नसतोच, पँटचा असतो. हल्लीची पँट बेंबीच्या दोन-तीन इंच खाली बसते. वेस्टकोटने पँटची कंबरपट्टी झाकली पाहिजे, नाहीतर मधून शर्ट दिसतो. मग शिंपी काय करणार? वेस्टकोट लांब करतो, आणि तो कोटाखालून डोकावतो. या पोशाखातली पँट बेंबीपर्यंत चढलेली हवी, आणि ती पट्ट्यावर नाही तर गॅलिसवर, म्हणजे खांद्यावरून तोललेली हवी. पट्टा नकोच. त्याच्या बक्कलाचा उंचवटा पांढऱ्या कापडाखाली लगेच दिसतो.

म्हणून वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, "आधी पँट घालून या, कोट हातात घेऊन या, मग टेप काढतो." मीही तेच सांगते. माप घेताना मी खडूने दोन रेघा धरते. एक पँटच्या कंबरपट्टीचा वरचा काठ, दुसरी कोटाच्या पुढच्या भागाचा खालचा काठ. वेस्टकोटचा खालचा काठ या दोन रेघांच्या मध्ये पडला पाहिजे: पहिलीच्या निदान इंचभर खाली, दुसरीच्या पाव ते अर्धा इंच वर. दोन रेघांत तेवढं अंतरच नसेल तर जगातला कुठलाही शिंपी तो वेस्टकोट नीट बसवू शकणार नाही. पँट किंवा कोट, दोघांपैकी एक बदलावं लागेल.

तुमची खरी अडचण म्हणजे पोरगा निपाणीत आणि कोट-पँट ऑक्सफर्डात. त्याला आत्ताच कळवा, सुट्टीला निघण्याआधी भाड्याच्या दुकानात जाऊन आपल्या अंगाचा टेलकोट आणि पँट घालून बघ, नंबर लिहून ठेव आणि जूनसाठी तोच नंबर राखून ठेव. तिथेच मित्राकडून दोन मापं घेऊ दे. पहिलं कोटाचं: मानेमागे कॉलर जिथे कोटाला जोडलेली असते तिथून सुरू करून, खांद्यावरून, पुढच्या काठाने खालच्या टोकापर्यंत. दुसरं पँटचं: पँट वर ओढून अंगावर नीट बसवायची आणि मानेमागच्या त्याच जागेपासून पुढे कंबरपट्टीच्या वरच्या काठापर्यंत टेप आणायची. टेप दोन्ही वेळा अंगाला लागून, पण ताण न देता. सोबत समोरून आणि बाजूने एकेक फोटो. उरलेली मापं, म्हणजे छाती, खांदा आणि मुंढा (हात घालायचा काखेचा गोल), तो इथे आला की तुमचा कटर घेईल. कंबरेचं माप मात्र बेंबीवर घ्यायला सांगा, नेहमीच्या पँटच्या जागी नाही.

आता पाठ. डिसेंबरात माप घेऊन जूनमध्ये घालायचा म्हणजे मधले सहा महिने, आणि या वयात पोरांचं अंग भरतं. म्हणून बिनपाठीचा शिवा. पुढचे दोन पल्ले, मानेमागून जाणारी एक पट्टी आणि कंबरेमागून जाणारी बक्कलाची एक पट्टी, एवढंच. टेलकोट अंगातून काढायचा नसतोच, त्यामुळे पाठ कुणाला दिसत नाही. पट्ट्या सैल-घट्ट करता येतात, नाचताना उकडत नाही आणि धुवायलाही सोपं. मानेच्या पट्टीलाही सरकतं बक्कल लावून घ्या. त्याने उंची अर्धा-पाऊण इंच वरखाली करता येते आणि आपल्या दोन रेघा सांभाळल्या जातात. कुणी म्हणेल ही काटकसर झाली. अजिबात नाही, ही पद्धत तिकडे चांगली रुळलेली आहे.

कापड पांढरं सुती पिके. उठावदार बारीक नक्षीच्या विणीचं, जाडसर. तिकडे त्याला मार्सेला म्हणतात. शर्टाची छाती, बो आणि वेस्टकोट तिन्ही याच कापडाचे असतात, म्हणून भाच्याला येतानाच कापड आणि आपला शर्ट-बो दोन्ही आणू दे. पांढऱ्यातसुद्धा निळसर पांढरा आणि दुधाळ पांढरा असतो; दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच वाटतात, अंगणात आणले की फरक कळतो. मोठ्या पन्ह्याचं कापड असेल तर पाऊण मीटरमध्ये पुढचे पल्ले निघतात, पण एक मीटर घ्या. कापण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्यायचं आहे. सुती कापड आटतं, आणि या कपड्यात अर्धा इंच आटला तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

आतल्या थराबद्दल टेलरला स्पष्ट बोला. पेस्टिंग नको. हा कपडा खळ घालून कडक इस्त्रीखाली जाणार, आणि डिंकाने चिकटवलेलं पेस्टिंग दोन-चार धुण्यांत फुगून फोड धरतं. सुती कॅनव्हास, तोही आधी भिजवून आटवलेला, हाताने टाके घालून बसवायचा. अस्तर पांढरंच. बटणं शिंपल्याची आणि काढता येण्याजोगी: दोन्ही बाजूंना काज पाडायची, बटणाच्या मागच्या कडीत छोटी रिंग अडकवायची. परटाकडे देताना बटणं घरी राहतात, म्हणून टिकतात.

शेवटी ट्रायल. चांगलं कापड कापण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर घालून बघायचा, हे मी अडून बसून करून घेते. तुमचा टेलर कुरकुरला तर मांजरपाटाचे आणि त्या शिलाईचे पैसे वेगळे द्या, पण सोडू नका. नमुना घालून पोराने खुर्चीत बसायचं, उठायचं, दोन्ही हात नाचात धरतात तसे वर करायचे. खालचा काठ किती सरकतो ते तुम्ही बाजूला उभं राहून बघा. आरशात स्वतःला समोरूनच दिसतं. कटर कन्नड बोलणारा असला तर बिनधास्त "उद्द कडिमि माड्री" म्हणा, लगेच समजेल. आणि लांबी कमी करायला सांगितलीत म्हणून तो नाराज होणार नाही. ज्याला कोट कळतो, त्याला हे म्हणणं पटतंच.

प्रश्न : गोव्यात मित्राच्या लग्नाचं रिसेप्शन आहे, पोशाख 'ब्लॅक टाय'. माझ्याकडे काळा डिनर जॅकेट आहे. वेस्टकोट शिवू की कमरबंद बांधू?
— एक वाचक, कॅम्प, बेळगाव

उत्तर : आधी जॅकेट बघा. डबल ब्रेस्टचं, म्हणजे पुढे एकावर एक पल्ला येऊन बटणांच्या दोन रांगा असलेलं, असेल तर ते पूर्ण वेळ लावूनच ठेवतात, तेव्हा दोन्हींची गरज नाही. सिंगल ब्रेस्ट असेल तर दोन्हींपैकी एकच. गोव्याची हवा दमट, म्हणून कमरबंद सुखाचा. त्याच्या चुण्या वर तोंड करून बांधायच्या. पण तुम्ही रात्री जॅकेट उघडं टाकून वावरणारे असाल तर वेस्टकोट जास्त शोभतो. तो जॅकेटच्याच काळ्या लोकरी कापडाचा असावा आणि कॉलरला जॅकेटच्या कॉलरवर असेल तेच रेशीम: सॅटिन असेल तर सॅटिन, बारीक उभ्या रेघांचं ग्रोग्रेन असेल तर ग्रोग्रेन. दोन वेगळ्या चमका शेजारी आल्या की डोळ्यांना खुपतं. गळा इथेही खोलच. आणि पँट वर चढलेली हवी, ही गोष्ट इथेही सुटलेली नाही.

प्रश्न : ताई, मुलाच्या रिसेप्शनसाठी त्याला खणाचा वेस्टकोट शिवावा असं फार मनात आहे. माझ्या सासूबाईंचे जुने खण ट्रंकेत आहेत. टेलर म्हणतो खण टिकणार नाही, सॅटिन घ्या. तुमचं काय मत?
— एक आई, खानापूर

उत्तर : वहिनी, सॅटिन घेऊ नका. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, गुळेदगुड्डला विणला जाणारा हा खण आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांच्या चोळ्यांत वावरलाय. घरातल्या बाईच्या ट्रंकेतला खण मुलाच्या अंगावर यावा, यापेक्षा चांगलं काय? आमंत्रणावर ब्लॅक टाय किंवा व्हाइट टाय छापलेलं असेल तिथे तो चालणार नाही, तिथे काळा आणि पांढराच. पण तुमचं आमंत्रण तुम्हीच छापणार आहात.

टेलरचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही. खण चोळीसाठी विणलेला, पातळ आणि सुटणारा. वेस्टकोटला बटणांपाशी आणि खिशापाशी ओढ बसते. तेव्हा प्रत्येक तुकड्यामागे मऊ सुती व्हॉइलचा थर लावून, दोन्ही कापडं कडेने हाताने टाचून, मग ते एकच कापड समजून शिवायला सांगा. कापल्याबरोबर कडांना ओव्हरलॉक. शिवणीत इंचभर कापड सोडायचं, जुना खण कडेला उसवण्याची भीती असते. कापण्याआधी खण उजेडासमोर धरून बघा. घडीवर रेघ विरलेली दिसली तर तो भाग पल्ल्यात येऊ देऊ नका.

पन्ह्याचा प्रश्न येईल. खणाचा पन्हा लहान, आणि मुलगा अंगाने भरलेला असेल तर एका खणात दोन पल्ले शेजारी-शेजारी बसणार नाहीत. एकाच जातीचे दोन खण ट्रंकेत आहेत का ते आधी बघा. नसतील तर पुढचे पल्ले खणाचे आणि पाठ जाड काळ्या अस्तराची, वेस्टकोटची पाठ तशीही कोटाखाली जाते. आणि काठ! तो कापून टाकू देऊ नका. पल्ले असे बेतता येतात की काठ पुढच्या उघडणीच्या दोन्ही कडांना उभा येतो आणि बटणपट्टी त्याचीच होते. त्यासाठी टेलरला कापण्याआधी कागदाचे साचे खणावर मांडून तुम्हाला दाखवायला सांगा. नक्षीची एक ओळ उजव्या पल्ल्यावर जिथे येते, डाव्यावरही तिथेच यायला हवी. बटणं खणाचीच मढवून घ्या, तुकडे उरतातच.

खिसे शिवू नका, नुसत्या खिशाच्या पट्ट्या ठेवा. मुलगा त्यात मोबाइल घालणार, आणि तिथेच खण फाटेल.

प्रश्न : वेस्टकोट शिवून आला, पण हात वर केला की सगळा वर चढतो आणि मुंढ्यात काचतो. टेलर म्हणतो असाच असतो. दुरुस्त होईल का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : असाच नसतो. मुंढा लहान किंवा खाली कापला गेला आहे, आणि हात वर जाताना तो वेस्टकोटला सोबत नेतो. मुंढा काखेच्या जवळ, उंचावर हवा, पण पुढून कोरलेला. पुढून तुमच्या काखेच्या रेघेपलीकडे कापड येत असेल तर तेवढं कोरून काढता येतं. ते तासाभराचं काम आहे. पण मुंढाच मुळात खाली उतरलेला असेल तर काढून टाकलेलं कापड परत येत नाही. अशा वेळी खांद्याची शिवण उसवून पल्ला वर उचलता येतो का बघा. उंचीत वाव असेल तरच, नाहीतर खाली शर्ट दिसेल. बाजूच्या शिवणीत कापड सोडलंय का तेही आतून उलटून बघा. सोडलं असेल तर घट्टपणा सहज जातो. काहीच सोडलेलं नसेल तर पाठ नवी घालणं बरं, पाठीला अस्तराचंच कापड लागतं, खर्च फार नाही. आणि पुढच्या वेळी काम टाकतानाच ठरवून घ्या की बाजूला आणि पाठीच्या मध्यावर इंच-इंच कापड आत राहील.

प्रश्न : हा पोशाख आला कुठून, आणि खालचं बटण उघडं का ठेवतात?
— एक विद्यार्थिनी, संकेश्वर

उत्तर : इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने ऑक्टोबर १६६६ मध्ये आपल्या दरबारात हा कपडा सुरू केला, सॅम्युअल पेपिसने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद करून ठेवली आहे. तेव्हा तो कोटाखालचा लांब अंगरखा होता, पुढे आखडत कमरेपर्यंत आला. खालचं बटण सातव्या एडवर्डमुळे सुटलं असं सांगतात. तो रिवाज दिवसाच्या वेस्टकोटचा. संध्याकाळच्या वेस्टकोटची सगळी बटणं लावायची, तो मुळात तीन-चार बटणांचा आणि खाली मोकळा कापलेला असतो.

प्रश्न : यजमानांचा पांढरा पिकेचा वेस्टकोट वर्षातून एकदाच लागतो. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. मागच्या पावसाळ्यात त्यावर पिवळे ठिपके आले. कसा ठेवावा?
— एक गृहिणी, जांबोटी

उत्तर : खळीसकट ठेवलात का, वहिनी? बहुतेक तेच झालं असणार. खळ ओल धरते, तिच्यावर बुरशी येते आणि कसरही तिलाच लागते. वापर झाला की बटणं काढा, कोमट पाण्यात भिजवून खळ पूर्ण जाऊ द्या, साध्या साबणाने धुवा आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. साबण राहिला तरी पिवळं पडतं. उन्हात खडखडीत वाळवा. पांढऱ्या सुती कापडाला ऊन चांगलंच. इस्त्री न करता, खळ न घालता, धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, आत वाफ धरते. लोखंडी ट्रंकेत ठेवत असाल तर खाली कापडाची जाड घडी घाला, गंजाचा डाग पांढऱ्यावरून निघत नाही.

आलेले ठिपके ताजे असतील तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग धुवा. ब्लीच वापरू नका, त्याने बो आणि शर्टाच्या पांढऱ्याशी रंग जुळेनासा होतो. बटणांच्या रिंगा पितळी असतील तर त्याही पुसून वेगळ्या डबीत. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी परटाकडे द्या आणि खळ फक्त पुढच्या पल्ल्यांना घालायला सांगा, मानेच्या पट्टीला नको. ती कडक झाली की मान सोलते आणि यजमान रात्रभर कॉलरमध्ये बोट घालत बसतील.